वाळूजला नवीन आलात? आधी कुठलं काम कुणाकडे, ते समजून घ्या

परभणी, हिंगोली, बीड, जालन्याकडून कामासाठी संभाजीनगरला येणाऱ्या बऱ्याच जणांचा पुढचा पत्ता वाळूज असतो. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, मग सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्या भोवतीची गावं बघता बघता एकमेकांना चिकटली. बजाजनगर, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, तीसगाव, जोगेश्वरी, कमळापूर, आणि पुढे पुणे रोडवर मूळ वाळूज गाव. या सगळ्याला मिळून लोक "वाळूज महानगर" म्हणतात.

नाव महानगराचं असलं तरी कारभार ग्रामपंचायतींचा आहे. नगरपरिषद करा, महापालिकेत घ्या अशी चर्चा कैक वर्षं चालू आहे. ती होईल तेव्हा होईल. तोवर नवीन माणसाचे हाल होतात ते याच कारणाने. गटार तुंबलं तर एकाकडे, पाणी आलं नाही तर दुसऱ्याकडे, प्लॉटचा कागद तिसऱ्याकडे, आणि तहसीलचं काम निघालं की कळतं, आपण भलत्याच तालुक्याच्या रांगेत उभे आहोत. म्हणून हा लेख काय कुठे मिळतं यापेक्षा कोण कशाचा मालक आहे, याच क्रमाने लिहिलाय.

खोली बघण्याआधी कंपनी नेमकी कुठल्या एमआयडीसीत आहे ते बघा

हे सांगायची गरज वाटत नाही, पण आहे. "संभाजीनगर एमआयडीसीत काम लागलंय" एवढ्यावर लोक निघतात. शहराला एमआयडीसी एक नाही. वाळूज पश्चिमेला पुणे रोडवर, चिकलठाणा आणि शेंद्रा पूर्वेला जालना रोडवर. शेंद्र्याच्या कंपनीत काम आणि रांजणगावात मेहुण्याच्या ओळखीने स्वस्त खोली, असं झालं तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं. आठ तासांची पाळी मग अकरा तासांची होते.

गावांच्या नावांचाही घोळ आहे. रांजणगाव एमआयडीसी पुणे जिल्ह्यातही आहे, जोगेश्वरी मुंबईतही, आणि पंढरपूर म्हटल्यावर कुणालाही सोलापूर जिल्हाच आठवतो. त्यामुळे पत्ता लिहिताना "रांजणगाव शेणपुंजी, वाळूज एमआयडीसी" असा पूर्ण लिहा आणि पिनकोड टाकाच. एमआयडीसी भाग आणि बजाजनगरला ४३११३६, मूळ वाळूज गावाला ४३११३३. कामगार चौकाचंही तसंच, एक इकडे वाळूजला आहे आणि एक शहरात सिडको भागात. रिक्षावाल्याला आधी सांगा, कुठला.

काम ठेकेदारामार्फत असेल तर ठेकेदाराच्या फर्मचं नाव पहिल्याच दिवशी लिहून घ्या. गेटपासवर कंपनीचं नाव असतं, पगार आणि पीएफ मात्र फर्मच्या नावावर. पुढे पीएफ अडकला की लोकांना फर्मचं नाव आठवत नाही, सुपरवायझरचं पाळण्यातलं नाव तेवढं आठवतं. आणि कामाला लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

तुमची गल्ली कुणाच्या हद्दीत आहे?

शहरातून वाळूजकडे येतानाच हद्दी बदलायला लागतात. महापालिका संपते, छावणी परिषदेचा भाग लागतो, नगर नाका ओलांडला की गोलवाडी, मग तीसगाव-पंढरपूरच्या बाजूला सिडकोने आखलेला भाग, पुढे एमआयडीसीची हद्द आणि तिला चिकटून ग्रामपंचायतींची गावठाणं. रस्ता एकच, खांबांवरचे दिवे मात्र वेगवेगळ्या मालकांचे.

घरमालकाला तीन प्रश्न विचारा. घरपट्टी कुठे भरता? पाणी कुणाचं येतं? जागा सिडकोची, एमआयडीसीची की गावठाणातली? घरपट्टीची पावती बघायला मिळाली तर उत्तमच, त्यावर ग्रामपंचायतीचं नाव छापलेलं असतं. बजाजनगर ही एमआयडीसीने आखलेली निवासी वसाहत, पण ग्रामपंचायत वडगाव कोल्हाटी-बजाजनगर अशी एकत्र आहे. म्हणजे घर एमआयडीसीच्या प्लॉटवर आणि जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा, असा प्रकार इथे रोजचा आहे.

मग तालुका. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी आणि वाळूज ही गावं गंगापूर तालुक्यात. वडगाव कोल्हाटी, पंढरपूर, तीसगाव ही छत्रपती संभाजीनगर तालुक्यात. रस्त्याच्या या कडेचा माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गंगापूर निवडतो, त्या कडेचा संभाजीनगर. ऑनलाइन अर्ज करताना तालुक्याच्या यादीत चुकीचं नाव निवडलं की अर्ज पंधरा दिवस तिकडे पडून राहतो आणि मग नामंजूर होऊन परत येतो. आपले सरकार केंद्रावर गर्दी असली की तिथला पोरगा घाईत स्वतःच्या अंदाजाने निवडून टाकतो. पावती हातात आली की आधी तालुका आणि गाव वाचा, मग पैसे द्या. काही फॉर्मवर जिल्ह्याचं नाव अजून औरंगाबाद दिसतं, त्याला घाबरू नका.

खोली घेताना

पार्टिशनच्या रांगेतल्या खोल्या, वर पत्रा, बाहेर सामायिक नळ, हा रांजणगाव-जोगेश्वरीकडचा नेहमीचा नमुना. बजाजनगर आणि सिडकोत फ्लॅट आणि रो-हाऊस मिळतात, भाडंही तसंच. खोली दुपारी बघा. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी काय होतं ते संध्याकाळी बघून कळत नाही, आणि रात्रपाळी करणाऱ्याला झोपायचं दुपारीच असतं.

विजेचं मीटर हा सगळ्यात जास्त भांडणाचा विषय. बऱ्याच चाळींत महावितरणचं एकच मीटर असतं आणि प्रत्येक खोलीला मालकाने लावलेलं सबमीटर. मालक युनिटमागे एक दर सांगतो आणि तो सरकारी दरापेक्षा जास्त वाटतो. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. घरगुती विजेचे टप्पे आहेत: पहिल्या १०० युनिटचा दर सगळ्यात कमी, १०१ ते ३०० चा त्याच्या वरचा, आणि पुढे चढत जातो. सहा खोल्या एकाच मीटरवर असल्या की सगळ्यांची वीज एकत्र मोजली जाते आणि बिल वरच्या टप्प्यात जातं. तुमचा एकट्याचा वापर साठ युनिट असला तरी तुम्हाला त्या स्वस्त टप्प्याचा फायदा मिळत नाही. म्हणून शक्य असेल तर स्वतंत्र मीटरची खोली बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. ते नसेल तर आत जायच्या दिवशी सबमीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि मालकाच्या व्हॉट्सॲपवर तेव्हाच पाठवून द्या. स्वतंत्र मीटर असेल तर बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा. वीज गेल्यावर १९१२ वर फोन केला की पहिला प्रश्न तोच येतो.

भाडेकरार करा. इथे बहुतेक जण करत नाहीत, आणि मग बँक, गॅस, शाळेचा प्रवेश, सगळीकडे पत्त्याचा पुरावा मागितला की मालकाच्या मागे फिरतात. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. खर्च वाटतो तेवढा नाही. महिना ४,००० भाड्याचा अकरा महिन्यांचा करार असेल तर एकूण भाड्यावर पाव टक्का, म्हणजे ११० रुपयांच्या आसपास मुद्रांक शुल्क, अनामत मोठी असेल तर थोडं वर. आणि ग्रामीण हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये. महापालिका हद्दीत तीच फी १,००० आहे. बाकीचे जे हजार-दोन हजार सांगतात ते एजंटचे, तिथे घासाघीस करा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, तीही मालकाकडून करून घ्या. हा भाग जिल्ह्याच्या ग्रामीण पोलिसांकडे नाही, शहर पोलीस आयुक्तालयाकडे आहे: एमआयडीसी वाळूज आणि वाळूज अशी दोन वेगळी ठाणी आहेत. आपलं कुठलं, हेही मालकालाच विचारा.

पाणी

वाळूजचं पाणी पैठणहून येतं. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून एमआयडीसी पाणी उचलते, कारखान्यांना देते, बजाजनगरला देते, आणि काही ग्रामपंचायतीही तिच्याकडूनच घेऊन पुढे वाटतात. त्यामुळे नळाला पाणी आलं नाही तर कारण तुमच्या गल्लीतच असेल असं नाही. तिकडे पंपाची वीज गेली, मुख्य वाहिनी फुटली, की इकडचं वेळापत्रक सरकतं. तक्रार करताना आधी शेजारच्या गल्लीत विचारा. तिथेही नसेल तर प्रश्न एमआयडीसीच्या पाणीपुरवठ्याचा. फक्त तुमच्याकडेच नसेल तर ग्रामपंचायत किंवा सोसायटी.

खोली बघताना नळ किती दिवसांनी येतो आणि किती वाजता, हे मालकाला नको, शेजारच्या बाईला विचारा. टाकी किती लिटरची आणि ती किती घरांत आहे, ते डोळ्यांनी बघा. बोअरचं पाणी जड आहे, डाळ शिजत नाही आणि बादलीला पांढरा थर बसतो. प्यायला बहुतेक जण जार घेतात किंवा कॅन भरून आणतात. उन्हाळ्यात टँकरचा खर्च घरांत वाटून घेतला जातो. तो भाड्यात धरलाय का, हे आधीच विचारलेलं बरं.

दवाखाना: पगाराच्या स्लिपपासून सुरुवात

इथल्या कामगाराला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी सोय म्हणजे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर पगाराच्या पाऊण टक्का तुमच्याकडून कापला जातो आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. १२,००० पगारावर तुमचे ९० रुपये. त्या नव्वद रुपयांत तुमचे आणि कुटुंबाचे उपचार येतात, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत नाही. नाव नोंदलं गेलं की औषधोपचाराचा हक्क सुरू होतो. आजारपणाच्या रजेचे पैसे मिळायला मात्र ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

गंमत अशी की कापलेले पैसे स्लिपवर दिसतात, पण कार्ड कुणी मागत नाही. पहिला पगार झाला की ठेकेदाराकडून विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्डाची प्रत मागून घ्या. त्यावर बायको, लेकरं, आई-वडील यांची नावं आणि फोटो आहेत का बघा. नावच नसेल तर ऐन वेळी लेकराला दवाखान्यात घेऊन गेल्यावर कारकून काही करू शकत नाही. आधी तुमच्या कार्डाला जोडलेला ईएसआय दवाखाना गाठायचा, मोठं काही असेल तर तिथून चिठ्ठी घेऊन चिकलठाण्याच्या कामगार विमा रुग्णालयात. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, सकाळी लवकर निघा.

ईएसआय नसेल तर सरकारी मोठा दवाखाना म्हणजे घाटी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय सगळ्या मराठवाड्याचा भार उचलतं, त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात गर्दी असतेच. पण जळालं, अपघात झाला, बाळंतपण अडलं की जिल्ह्या-जिल्ह्यांतून गाड्या तिथेच येतात. रुग्णवाहिकेला १०८. मशीनमध्ये हात सापडला, बोट तुटलं अशा वेळी कंपनीतून निघण्याआधी अपघाताची नोंद रजिस्टरला झाली का ते सोबतच्या माणसाने बघावं. जखमी माणूस ते बघू शकत नाही आणि दोन दिवसांनी "घरी लागलं होतं" असं ऐकायला मिळतं.

लेकराच्या जन्माच्या दाखल्याबद्दल एक. दाखला राहत्या गावाचा नसतो, जिथे जन्म झाला तिथला असतो. बाळंतपण शहरातल्या दवाखान्यात झालं असेल तर नोंद महापालिका हद्दीतली, बजाजनगरच्या दवाखान्यात झालं असेल तर ग्रामपंचायतीची. २१ दिवसांच्या आत नोंद झाली की सोपं. दवाखान्याच्या फॉर्मवर आई-बापाच्या नावांची स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, ते सुट्टी व्हायच्या आधी तपासा.

रेशन आणि शाळा

गावाकडचं रेशनकार्ड रद्द करून इथे नवीन काढायची घाई करू नका. कार्ड अन्नसुरक्षा योजनेत असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर एक देश एक रेशनकार्डमुळे इथल्या कुठल्याही दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. गावी आई-वडील असतील तर त्यांच्या वाट्याचं ते तिकडे घेतील, तुमच्या वाट्याचं तुम्ही इकडे. दुकानदार "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणाला तर तहसीलच्या पुरवठा शाखेत तोंडी सांगू नका, लेखी द्या. तहसील कुठलं, ते आता कळलंच आहे.

शाळेसाठी जिल्हा परिषदेची शाळा बघा, काही चांगल्या चालतात. वर्षाच्या मध्ये आलात आणि आधीच्या शाळेचा दाखला हातात नसेल तरी आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. दाखला मागाहून आणून द्यायचा. पंचवीस टक्क्यांच्या आरटीई जागांसाठी घर ते शाळा हे अंतर मोजलं जातं आणि पत्त्याला नोंदणीकृत भाडेकरारच लागतो, म्हणून वर करार करा म्हटलं.

जाणं-येणं

रेल्वे स्टेशन किंवा मध्यवर्ती बसस्थानकापासून वाळूज साधारण दहा ते पंधरा किलोमीटर. शहराची स्मार्ट बस २०१९ पासून आहे आणि ती रांजणगाव-बजाजनगरपर्यंत येते. बाकी सगळा भार सहा आसनी आणि रिक्षांवर, शेअरिंगने. पुण्याकडच्या एसटी याच रस्त्याने जातात, पण प्रत्येक गाडी पंढरपूरला थांबत नाही. चढताना कंडक्टरला विचारा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, त्यामुळे सणाला गावी जायचं असेल तर ट्रॅव्हल्सच्या आधी एसटीचा हिशेब करून बघा.

पाळी सुटायच्या वेळी हा रस्ता टाळता आला तर टाळा. कंपन्यांच्या बसेस, दुचाकी आणि कंटेनर एकाच वेळी रस्त्यावर येतात. आषाढी एकादशीला तर हा रस्ता तुमचा नसतोच. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात, ज्याला इथे छोटं पंढरपूर म्हणतात, शहरातून आणि आसपासच्या गावांतून दिंड्या चालत येतात आणि पोलीस वाहतूक वळवतात. त्या दिवशी पहिली पाळी असेल तर बदलून घ्या, किंवा आदल्या रात्रीच मित्राच्या खोलीवर जा. नाहीतर सरळ दिंडीसोबत चाला.

प्लॉट घ्यायचा मोह

दोन-तीन वर्षं झाली, थोडे पैसे साठले की कुणीतरी "भाऊ, स्वस्तात प्लॉट आहे, आत्ताच बुक करा" म्हणत येतो. बॉन्ड पेपरवर, नोटरी करून, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लावून देतो म्हणतो. नमुना ८ हा घरपट्टी कुणाकडून वसूल करायची याचा कागद आहे, मालकीचा नाही. ग्रामपंचायत तुमचं नाव लावून कर घेईल, पण त्याने जमीन तुमची होत नाही. सातबारा बघा, कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर किती जणांची नावं आहेत ते मोजा. जमीन अकृषिक झालीय का, ले-आउट मंजूर आहे का, हे विचारा, आणि दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवून देणार का, हे सगळ्यात आधी. उत्तर "नंतर करू" असेल तर तिथूनच परत या.

सिडको किंवा एमआयडीसीच्या हद्दीतलं घर घेत असाल तर प्रकार वेगळा. तिथे जमीन भाडेपट्ट्याची असते, एमआयडीसीचा पट्टा ९५ वर्षांचा. हस्तांतरणासाठी त्यांची परवानगी आणि शुल्क लागतं. ते कोण भरणार हे इसार देण्याआधी कागदावर लिहून घ्या.

तक्रार करायची तर

गटार, दिवाबत्ती, घंटागाडी यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंधरवड्यात हालचाल नाही झाली तर त्याच पोचीची झेरॉक्स लावून पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्याकडे. जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, नमुना ८ चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. ठरलेल्या मुदतीत मिळाले नाहीत तर अपील करता येतं, आणि नुसतं "अपील करतो" म्हटलं तरी पुष्कळदा कागद बाहेर येतो.

ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. भाडेकरू तिथे जात नाहीत, कारण मतदार यादीत त्यांचं नाव गावाकडचं असतं. इथे कायमचं राहायचं ठरलं असेल तर नमुना ८ चा अर्ज भरून नाव इकडे आणा. हा निवडणूक आयोगाचा नमुना ८, घरपट्टीचा वेगळा. ग्रामपंचायतीच्या खिडकीवर मागताना कुठला पाहिजे ते सांगा, नाहीतर कारकून घरपट्टीचा उतारा काढून देईल.